पहिलं पान बँडवाल्या अण्णांचं

ये गं, अशी जवळ बस. दारात उभं राहून ‘आजी, पटकन सांग’ म्हणायचं, ही कुठली तऱ्हा? आणि ते पायातलं आधी काढ. सणावाराला कधीतरी तोंड दाखवतेस, तेही एक डोळा त्या फोनवर. ऑफिसातल्या मैत्रिणींना म्हणे सांगितलंस, ‘आमच्या पणजोबांचा चामराजपेटेत पब होता.’ तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा हसून हसून मला ठसका लागला. पब कसला? मिलिटरी हॉटेल होतं ते. मटणाच्या खाणावळीला आपल्याकडे मिलिटरी हॉटेलच म्हणतात, आणि त्यातली कितीतरी आपल्याच मराठी माणसांची. बाजूच्या खोलीत बिअर नि रम मिळायची हे खरं. मामंजींनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, रीतसर परवाना काढला होता. म्हणून पब म्हणायचं असलं तर म्हण बापडी.

छप्पन्न साली म्हैसूर राज्य मोठं झालं त्या सुमाराला मी लग्न होऊन त्या घरात आले. पुढे हॉटेल, मागे चूल, वर आमच्या दोन खोल्या. समोर लांब बाकडी, संगमरवरी फरशीची टेबलं, आणि एका कोपऱ्यात पडदा लावलेली फॅमिली रूम. रविवारी बायका-पोरं तिथं जेवायची. काही बाया लाजेनं पडद्याआडही पदर ओढून खायच्या, पण खायच्या मात्र पोटभर. बाजूच्या खोलीत पुरुषमाणसं ग्लास घेऊन बसायची. शिंपी होता, जटकावाले म्हणजे टांगेवाले होते, छापखान्यातले टाइप जुळवणारे होते, गिरणीतले होते. मामंजींचा एकच कायदा, प्यालं की जेवायचं. ‘रिकाम्या पोटी माझ्या दारातून कोणी झुलत गेला तर त्याची बायको मला शिव्या घालेल,’ म्हणायचे. मग केळीचं पान, वाफाळता नाचणीचा मुद्दा म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, शिवलेल्या पानाच्या द्रोणात पायांचं सूप आणि मटणाचा सारू, म्हणजे रस्सा. बोटांनी मुद्दा तोडायचा, साऱ्यात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मला तो गिळायला शिकायला वर्ष लागलं. शिंपी हे ऐकून बाहेरूनच म्हणायचा, ‘सूनबाई, चावायचं काय त्यात? टाका आणि विसरा!’

हे सगळं रांधायच्या कोण? आत्याबाई, तुझी पणजी. आणि गंमत अशी की त्या स्वतः मांस खात नव्हत्या. मामंजी तरुणपणी विषमज्वरानं पडले होते, तेव्हा आत्याबाईंनी देवीला नवस बोलला होता, हा माणूस उठू दे, मी मांस सोडते. माणूस उठला, यांनी सोडलं. म्हणजे ज्याच्यासाठी सोडलं त्याच्याच हॉटेलात जन्मभर मटण शिजवलं. तोंडाला कधी लावलं नाही. सगळं नाकावर. खोबरं भाजताना, धणे परतताना, लवंग तडकताना नाक जरासं वर व्हायचं, आणि ‘झालं’ म्हणून कढई खाली. मीठ हाताच्या मापानं.

मग दुसरं कोणी चाखून का बघत नव्हतं म्हणशील. तर तीही घरची रीत. गिऱ्हाईकाच्या पानात पडायच्या आधी भांडं कोणी उष्टं करायचं नाही. मामंजींच्या आईपासून चालत आलेलं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखतो का आपण? तसंच. पहिलं पान गिऱ्हाईकाचं, घरच्यांनी जेवायचं सगळ्यात शेवटी.

आत्याबाईंना कळायचं ते उष्ट्या पानांवरून. मागच्या अंगणात पानं यायची तेव्हा त्या तिथं उभ्या असायच्या. हाडाची नळी चोखून पांढरी झालेली दिसली की खूश. गिऱ्हाईकांना जेवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाजूच्या खोलीत बाईमाणसानं जायचं नाही, आणि पुढे जाऊन करायचं तरी काय, असं त्यांचं.

एका थंडीत त्यांना मोठं पडसं झालं. ताप आला, कान गच्च झाले. पंधरवड्यानं बऱ्या झाल्या, परत चुलीपुढे उभ्या राहिल्या. आणि एका सकाळी मी जिन्यावरून उतरते तर करपल्याचा वास. धावत गेले. आत्याबाई कढईपाशीच होत्या, उलथनं शांतपणे फिरत होतं, आणि खोबरं तांबूस सोडून काळपट व्हायला लागलेलं. त्या अंधाऱ्या चुलीपाशी डोळ्यांना ते दिसायचं नाही.

‘आत्याबाई, करपतंय!’

त्यांनी कढई उतरवली. माझ्याकडे बघितलं. मग हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली आणि मिटून ठेवली. म्हणाल्या, ‘कोणाला बोलू नकोस.’

मी नाही बोलले. पण पानं बोलायला लागली होती. साऱ्याचं तळं पानाच्या कडेला तसंच राहायचं, मुद्दा नुसत्या लिंबू-मिठाशी संपलेला. मामंजीही काही आंधळे नव्हते. एका संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, ‘दंडूतला, छावणीतला, एक बटलर आहे, साहेब लोकांकडे होता. चमच्यानं चाखून रांधतो. त्याला बोलावतो. तू आता आराम कर.’

‘माझ्या चुलीवर चाखून?’

‘मग तू एक थेंब जिभेला लाव. मी जिवंत उभा आहे की समोर, देवी काही मला परत घेऊन जात नाही.’

मामंजी गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, ‘नवस मोडला तर यांच्या जिवाला धोका, नाही मोडला तर चूल गेली. आराम म्हणे! चुलीवाचून मी दिवसभर करू काय गं? भिंती बघू?’ बटलर सोमवारी येणार होता.

शनिवारी संध्याकाळी पानं मागे आली. त्यातलं एक पान बँडवाल्या अण्णांचं. लष्कराच्या बँडातून पेन्शनीत निघालेले, जाडी पांढरी मिशी, रोज एक बिअर, मग सूप, मग सारू. त्यांचं पान नेहमी धुतल्यासारखं यायचं. त्या दिवशी सारू जसाच्या तसा. आत्याबाईंनी पान बघितलं, हात धुतले, पदर खोचला, आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत पडदा सारून बाजूच्या खोलीत!

काय धांदल उडाली म्हणून सांगू! जटकावाल्यानं ग्लास बाकड्याखाली लपवला. शिंप्यानं भरल्या ग्लासवर टोपी घातली. एक जण उभा राहिला तो उभाच.

‘बसा, बसा. टोपी भिजेल तुमची,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘अण्णा, साऱ्याला काय झालंय?’

‘काही नाही अक्का. छान आहे. माझंच पोट स्वल्प बरं नाही.’

‘आणि तुमचं?’ शिंप्याला.

‘माझंही जरा… पोटच.’

‘सगळ्या पेटेचं पोट एकदम बिघडलं?’

मामंजी पुढून आले, दबक्या आवाजात म्हणाले, ‘आत जा तू.’ त्या हलल्या नाहीत. शेवटी शिंपीच खाली बघत म्हणाला, ‘कडू लागतंय अक्का. बरेच दिवस झाले.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘तुमच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं. कोणत्या तोंडानं सांगायचं?’

‘ज्या तोंडानं खाल्लं त्याच!’ आत्याबाई कडाडल्या. मग आवाज उतरला. ‘पडसं आलं ते वास घेऊन गेलं. मला काही कळत नाही आता. तुम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार मला?’

अण्णांनी मिशी पुसली. ‘मी सांगतो. उद्यापासून पहिलं पान मला वाढा, चुलीच्या दाराशी. जे असेल ते तोंडावर सांगेन.’

मामंजी म्हणाले, ‘पैसे देऊन जेवणाऱ्यानं परीक्षा पण करायची?’

‘बँडात आधी एक जण सूर धरतो, बाकीचे त्याच्याशी बाजा जुळवतात,’ अण्णा म्हणाले. ‘आणि पहिलं पान गिऱ्हाईकाचं ही तुमचीच रीत ना? मी गिऱ्हाईकच आहे. भांडं उष्टं होत नाही.’

मामंजी मान हलवत म्हणाले, ‘सरी, बरं तर. बटलरला नको म्हणून कळवतो.’

दुसऱ्या दिवसापासून भाजण्याचं नाक माझं. आत्याबाई कढई हलवायच्या आणि मी शेजारी उभी. ‘काय म्हणतोय वास?’ ‘अजून कच्चा.’ ‘आता?’ ‘आता गोडसर… आता! उतरा!’ वासाला शब्द शोधता शोधता मी रांधायला शिकले, बघ. आणि बाराच्या सुमाराला अण्णा यायचे. चुलीच्या दाराशी पाट, पान, मुद्दा. पहिला घास गिळून डोळे मिटायचे. आत्याबाई पळी हातात धरून उभ्या. ‘लवंग आज फार पुढे पुढे करतेय,’ कधी म्हणायचे. कधी ‘मीठ घाबरलंय, अक्का.’ लागलीच साऱ्यात दुरुस्ती, मग पुढची पानं. ज्या दिवशी काहीच न बोलता दुसरा मुद्दा मागायचे, त्या दिवशी आत्याबाई संध्याकाळपर्यंत गुणगुणायच्या.

वास त्यांना परत आला नाही. पण चूलही गेली नाही. हात थकेपर्यंत त्याच रांधत होत्या, नवस न मोडता. हळूहळू सगळ्या पेटेला खोड लागली. शिंपी म्हणायचा सुपात मिरी कमी, जटकावाला म्हणायचा मुद्दा सैल, आणि फॅमिली रूममधल्या बायकाही पडद्याआडून ‘अक्का, आज खीमा फार सुका हं!’ म्हणून ओरडायच्या. पूर्वी ज्या पदराआड लपून खायच्या त्या! आत्याबाई आतून उत्तर द्यायच्या. इतकं बोलतं हॉटेल मी पुन्हा पाहिलं नाही.

आता तिथं चष्म्याचं दुकान आहे. मी मात्र रविवारी अजून तोच सारू करते, छोट्या कुकरात. तुझा बाप खातो आणि ‘मस्त’ म्हणतो. तुझी आई ‘मस्त’ म्हणते. परवा मला स्वतःलाच धणे जास्त वाटले, तरी मस्तच! माझं वय बघून बोलत नाहीत बिचारी. तुझी जीभ मात्र लहानपणापासून तिखट, तुला नाही जमायचं असलं गोड बोलणं. येत्या रविवारी ये. न खाता ये, आणि तो फोन बॅगेत ठेवून ये. चुलीच्या दाराशी पाट मांडते, पहिलं पान तुझं. लवकर ये हं, बारा वाजायच्या आत.