विजेचे पाटकरी

तारेतून लांबवर जाताना थोडी वीज वाटेत वाया जाते. इंजिनिअर त्याला 'लॉस' म्हणत, मी कागदावर 'पारेषण हानी' असं लिहीत असे. पाटकरी म्हणत, "मुरलं." कुठलाही तक्ता पुढं आला की चष्मा कपाळावर सरकवून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ह्यात मुरणार किती?" नव्यानं आलेल्या इंजिनिअरला वाटे, या म्हाताऱ्याला वीज आणि पाणी यांतला फरक कळत नसावा. आठवड्याभरात त्याच्या ध्यानात येई की आमच्या मिरजेच्या कचेरीत विजेतलं सर्वांत जास्त कळणारा माणूस हाच.

पाटकरी हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचे वडील कृष्णेच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ पाणी जाणार ते बघणं, त्याप्रमाणं पाटाची दारं उघडणं आणि बंद करणं हे त्यांचं काम. हे स्वतः डिप्लोमा करून जन्मभर सबस्टेशनांत राबले, निवृत्त झाले आणि मग आमच्या कंपनीत आले. बोलणं मात्र कालव्याकाठचंच राहिलं. भिंतीवरच्या नकाशावर इंजिनिअरांनी आमची लाइन तांबड्या रेघेनं दाखवली होती. ती यांनी खोडली आणि निळ्या पेन्सिलीनं पुन्हा काढली.

"आण्णा, निळी रेघ पाण्याची असते," कुणीतरी म्हणालं.

"मग बराबर हाय की."

त्या दिवशी हे नाव पडलं. ते त्यांना आवडत असावं, कारण पुढं फोनवरही ते स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागले.

आमची कंपनी वीज तयार करत नव्हती आणि विकतही नव्हती. माणच्या माळावर उन्हापासून, खानापूरच्या घाटमाथ्यावर वाऱ्यापासून वीज करू बघणारे लोक होते, पण ती बाहेर न्यायला तार नव्हती. सरकारी तार कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा आमच्या कंपनीच्या मालकांनी थोडं स्वतःचं भांडवल घालून, बँकेचं कर्ज काढून मिरजेजवळच्या सबस्टेशनपर्यंत तार न्यायची, आणि त्या तारेतून वीज नेण्याचा हक्क लोकांना विकायचा, असा बेत होता. बँकेची अट सरळ होती. हक्काचा मोठा भाग आधीच विकला गेल्याचे सह्यांचे कागद ठरल्या तारखेला दाखवा, नाहीतर कर्ज नाही. हक्क विकण्याचं काम पाटकऱ्यांकडं होतं, करारांच्या मराठी प्रती लिहिण्याचं माझ्याकडं. त्याआधी मी मिरजेत एका छापखान्यात प्रुफं वाचत असे. मी कधी कुठं शिकवलेलं नाही, तरी ते मला मास्तर म्हणत.

सुरुवातीला ते या हक्काला 'तारेवरची जागा' म्हणत. त्यातून एकदा घोटाळा झाला. माणमधल्या एका वाडीतल्या काही घरांनी मिळून पडीक रानात सौर पॅनेल बसवायचं ठरवलं होतं. पुरुष बहुतेक मुंबईत, त्यामुळं सगळा कारभार सुंदराआक्कांच्या हातात. एके दिवशी आक्का डोळे तपासायला मिरजेला आल्या आणि दवाखान्यातून थेट कचेरीत आल्या.

"पाटकरी, डोळ्यांत औषध घातलंय, धुरकट दिसतंय. पर आलेच हाय तर आमची जागा दावा."

"कसली जागा, आक्का?"

"आवं, तुमीच म्हणला न्हवं, तारंवर जागा घ्या म्हणून? कुठल्या टावरखाली हाय ती? कुंपण घालाय पायजे, न्हाईतर लोकांची शेरडं शिरतील."

सगळी कचेरी हसली. पाटकरी हसले नाहीत. आक्कांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समोर बसले. "चुकलं माझं. जागा न्हवं, आक्का, पाळी. तार म्हंजे पाट. पाटातनं रानाला पाण्याची पाळी मिळती, तशी तुमच्या विजेला तारंतनं जायची पाळी."

"मग असं बोला की! माझ्या म्हायेरी पाट हुता. सासरी आले तवापास्नं नुसता माळ." मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आमी पार शेवटाला. आमच्यापातूर पाळी येणार का?"

कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडं टेल म्हणतात. वरच्या अंगाचे लोक पाणी ओढून घेतात आणि टेलला नुसता ओला पाट उरतो. पाणी कमी असलं की पाटकऱ्यांचे वडील वरची दारं बंद करत आणि पहिली पाळी टेलला देत. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा मारही. "ज्या दिवशी तारंत सगळ्यांची वीज मावणार न्हाई," पाटकरी म्हणाले, "त्या दिवशी पाळी टेलपासनं. पैली तुमची. हा माझा शब्द."

आक्का गेल्यावर एका इंजिनिअरनं हळूच सांगितलं, "आण्णा, इथं उलटं आहे. वीज त्यांच्याकडून आपल्याकडं वाहते."

"वाहू दे उलटी. माणसं सुलटीच हायत न्हवं?"

कराराचा कागद समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते सही घेत नसत. कंपनीच्या पुण्यातल्या वकिलांना याचा कंटाळा येई. पाटकरी म्हणत, "डोळा घाईत असतो, मास्तर. कान सावकाश ऐकतो." मला मनातून वाटे, प्रूफ वाचणाऱ्याला हे कशाला सांगायचं?

टेलच्या पाळीचं कलम त्यांनी मला तोंडी सांगितलं. "लिहा. जागा कमी पडली की पाळी टेलपासनं सुरू." मी कागद घेऊन बसलो आणि 'पाळी' या शब्दाशी अडलो. कायद्याच्या कागदात तो मला गावंढळ वाटला. शिवाय शहरात त्या शब्दाचा बायकांचा अर्थ आधी आठवतो. ही प्रत पुण्याला वकिलांच्या कचेरीतल्या बायाही वाचणार होत्या. मी लाजलो. तो शब्द गाळून मी लिहिलं, 'क्षमता अपुरी पडल्यास टोकाकडून सुरुवात करण्यात येईल.' वाक्य नेटकं होतं. माझं मलाच आवडलं.

त्यावरून वकिलांनी इंग्रजी प्रत केली. सर्वांत मोठी पाळी घेणाऱ्या पुण्याच्या पवनचक्की कंपनीनं ती स्वतःच्या कचेरीत वाचून सही करून पाठवली. तेवढ्या एका वेळी वाचून दाखवणं झालं नव्हतं. मग आम्ही वाडीवर गेलो. शाळेच्या ओसरीवर बाया, दोन-तीन म्हातारे, एक रजेवर आलेला फौजी. मी वाचत होतो. त्या कलमापाशी आक्कांनी हात वर केला.

"सुरुवात कशाची वो, मास्तर? द्यायची का तोडायची?"

मी पुन्हा वाक्य पाहिलं. त्याला दोन्ही अर्थ होते. पाटकऱ्यांनी माझ्या हातातून इंग्रजी प्रत घेतली, ते कलम काढलं आणि शांतपणे वाचलं. वकिलांनी दुसरा अर्थ घेतला होता. तार भरली की कपात टेलपासून. दिलेल्या शब्दाच्या नेमकं उलट, आणि त्यावर पुण्याची सही.

"मी 'पाळी' शब्द घातला नाही," मी म्हणालो. "बरा दिसेना म्हणून."

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. आक्का म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? पाळीबिगर रान पिकतंय का घर चालतंय?" यावर सगळेच हसले. फौजी तेवढा खाली बघत होता.

पाटकऱ्यांनी कागद मिटले. "आज सह्या न्हाईत, आक्का. कागद दुरुस्त करून आणतो."

बँकेची तारीख पाच दिवसांवर होती. परतीच्या वाटेवर मालकांचा फोन आला. पुण्याची सही पुन्हा उघडली आणि ते मागं फिरले तर तारच होणार नाही, तेवढ्या चार घरांसाठी हे करू नका, असं त्यांचं म्हणणं. पाटकरी म्हणाले, "साहेब, तार तर टाकूच. पण पयला टावर त्या चार घरांच्या रानात हाय. आयुष्यभर त्याच्याखालनं ती माणसं जाणार-येणार." फोन खिशात ठेवून ते मला म्हणाले, "मास्तर, उद्या पुणं. धुतलेला सदरा घाला."

पुण्याच्या साहेबांपुढं मी चूक कबूल करणार, तोच पाटकरी बोलले. "चूक माझी हाय. सांगताना मीच शब्द गाळला." मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "आण्णा, सह्या झाल्यात. मी आता माझं नुकसान का करून घेऊ?"

"नुकसान किती ते बघू की." त्यांनी टेबलावरच्या कागदावर दोन रेघा ओढल्या. "ही तुमची हवा, हे त्यांचं ऊन. तुमचा वारा जोरात असतो तेव्हा आभाळ भरलेलं असतंय, त्यांची पॅनेलं झोपलेली. रात्रीचा वारा सगळा तुमचाच. ऊन आन् वारा दोन्ही भरून येतात अशा वर्षातनं थोड्या दुपारी. तेवढ्या दुपारी दोन पाती हळू फिरवा. त्यांची सगळी वीज तुमच्या एका कोपऱ्यात मावती."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर तुमची सही हायच. खरी हाय. मी उद्या वाडीवर जाऊन सांगीन की माझा शब्द खोटा निघाला. माझं काम तेवढंच राहील."

त्यांच्या आवाजात ना विनवणी होती ना धमकी. साहेबांनी तो कागद उचलून आपल्या इंजिनिअरला आकडे तपासायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मान्य आहे, मात्र या 'पाळी'ची व्याख्या लिहून द्या, वकिलांना इंग्रजी शब्द सापडत नाही.

ती व्याख्या मी लिहिली. प्रुफांच्या सवयीनं सात वेळा वाचली, आणि मग पाटकऱ्यांपुढं मोठ्यानं. दुरुस्त कागदावर पुण्याची नवी सही आणि मग वाडीच्या सह्या झाल्या आणि ठरल्या तारखेला ते सगळे बँकेत पोचले. इंग्रजी प्रतीतही तो शब्द तसाच राहिला. त्या वर्षात मी जेवढं लिहिलं त्यातलं तेवढंच मला अजून पाठ आहे.

तार झाली. वीज सोडली त्या दिवशी पाटकरी सबस्टेशनच्या फाटकापाशी उभे होते, नारळ फोडायला पुढं गेले नाहीत. मला म्हणाले, "आता मुरतंय किती ते बघा." पुढच्या थंडीत ते आजारी पडले. मिरजेच्या दवाखान्यात मी रोज संध्याकाळी जात असे. त्यांना वाचून दाखवावं म्हणून पुस्तक नेत असे, पण ते तारेचंच विचारत. कलम एकदाही वापरावं लागलं नव्हतं. मी एकदा म्हणालो, "एवढं भांडून आणलं, आणि गरजच पडली नाही."

"पाट कोरडा असतानाच दारं नीट करायची असतात, मास्तर."

त्यांच्याकडून मी ऐकलेलं ते शेवटचं पुरं वाक्य. पाच दिवसांनी ते गेले.

मृग लागायच्या आधीच्या कोरड्या, वावटळीच्या दिवसांत एका दुपारी सबस्टेशनमधून मला बोलावणं आलं. ऊन कडक होतं आणि घाटमाथ्यावर वारा सुटला होता. तार काठोकाठ भरली होती. पाळीवरच्या इंजिनिअरनं पाटकऱ्यांना पाहिलंही नव्हतं. त्यानं करार उघडून ते कलम मोठ्यानं वाचलं, मग पुण्याला फोन करून सांगितलं, "पाळी टेलपासून आहे. तुम्ही कमी करा." पलीकडून कुणी वाद घातला नाही. पडद्यावरचा पुण्याचा मोठा आकडा हळूहळू उतरला. खालचा वाडीचा लहान आकडा तसाच राहिला.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. आक्का होत्या.

"मास्तर, घाटावरलं काई पंखं थांबलेत म्हणं. आमचं चालूच हाय. पाळी कुणी सोडली?"

"पाटकऱ्यांनी," मी म्हणालो.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "त्यांच्याबिगर कोण सोडणार!"