चौकटीतलं नाव

माझं माहेर भाजे. तिकडे लग्नपत्रिका म्हणजे निमंत्रण कमी आणि हजेरीपट जास्त. नवरानवरीची नावं मध्ये कुठेतरी आटोपतात. बाकी कागदभर भावकी, सोयरे, आजी सरपंच, माजी सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच. कुणाचं नाव कुणाच्या खाली आलं यावरून माणसं पंगतीत तोंड फुगवून बसतात. मी लोणावळ्याला तुंगार्लीत राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे आणि माझ्या घरात नवाकोरा लॅपटॉप आहे. तेव्हा पुतणीची पत्रिका माझ्याच गळ्यात पडणार, हे ठरलेलं होतं.

पुतणी धाकट्या भावाची. अडचण थोरल्याची होती. दोघांची घरं एकाच अंगणात, मध्ये पत्र्याचं कुंपण आणि बोलणं बंद. कारण काय, तर काही वर्षांपूर्वी थोरल्याच्या मुलाच्या लग्नात पत्रिकेवर धाकट्याचं नावच आलं नाही. गाव सोडून गेलेल्या लांबच्या मामांचं आलं, सख्ख्या भावाचं नाही. थोरला शपथेवर सांगत होता, "म्या घातलं व्हतं. मशीननं खाल्लं."

"मशीनला माझंच नाव ग्वाड लागलं व्हय?" धाकटा म्हणाला. थोरला म्हणाला, घरी ये, पोराच्या लॅपटॉपवर दाखवतो. धाकटा म्हणाला, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. पुढे लॅपटॉप पोराबरोबर नोकरीच्या गावी गेला आणि अबोला मात्र अंगणात राहिला.

पुतणीनं कॉलेज केलं ते थोरल्याच्या सायकलवर मागे बसून. तिचा हा आबा रोज तिला मळवली स्टेशनवर सोडायचा. ती मला म्हणाली, "आत्या, आबा आले नाहीत तर मला या लग्नात काही गोडी नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं आणि धाकट्याचा भयंकर रागही आला. आमच्याकडे नुसती पत्रिका पाठवून भागत नाही. घरच्या कर्त्यानं स्वतः जाऊन हातावर अक्षता ठेवाव्या लागतात, त्याशिवाय थोरला काही येणार नव्हता.

मी धाकट्याला फैलावर घेतलं. लेकीच्या हट्टापुढे तो एवढंच नमला, "नाव टाक. चौकटीत टाक, फुलं काढ. पर सांगाय मी जानार न्हाई."

म्हणून मी गणपतीच्या खाली एक झकास नक्षीदार चौकट काढली आणि तिच्यात 'विशेष निमंत्रक' म्हणून थोरल्याचं नाव घातलं. फाइल लोणावळ्याच्या बाजारातल्या प्रेसवाल्या चाचांना पाठवली. मावळातल्या निम्म्या पत्रिका त्यांच्याकडेच छापतात. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना, की तो सुरू होईपर्यंत चाचांचा चहा पिऊन होतो. नवीन का घेत नाही असं विचारलं की म्हणतात, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. "ताई, फाइल उघडत नाही. नुसते चौकोन चौकोन दिसतायत. जुन्या प्रकारात सेव्ह करून पाठवा." मी तसं केलं. लॅपटॉपनं इशारा दिला की जुन्या प्रकारात काही गोष्टी बदलू शकतात. मी असल्या सगळ्या इशाऱ्यांना म्हणते तसं 'ओके' म्हटलं. पीडीएफ पाठवायची होतीस, हे नंतर मला घरादारानं ऐकवलं. पण कार्डाच्या मापात बसवायला चाचांना अक्षरं हलवता येतील अशी फाइलच लागते.

कच्ची प्रत बघायला मी धाकट्याला बळेबळेच बरोबर नेलं. बाप म्हणून तू नजर घाल, म्हटलं. चाचांनी कागद पुढे ठेवला. सगळे सरपंच जागच्या जागी होते. गणपतीखाली मात्र पांढरीफेक मोकळी जागा. चौकट नाही, नक्षी नाही, थोरला नाही.

"आक्के, नाव कुटंय?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "लोक म्हंतील म्याच काढलं!"

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि चाचांच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला. फाइल तीच. माझ्याकडे चौकट होती, त्यांच्याकडे नव्हती. चाचा म्हणाले, "साध्या ओळी येतात. तुमच्या नव्या मशीनवरच्या चौकटी आमच्याकडे उमटत नाहीत कधी कधी. मला वाटलं, डिझाइनच तसं असेल. तुमच्या थोरल्या भावाच्या पत्रिकेतपण अशीच जागा सुटली होती."

धाकटा एकदा या पडद्याकडे बघे, एकदा त्या. त्या जुन्या पत्रिकेतली मोकळी जागा आम्हा सगळ्यांना आठवत होती. तिच्यावरून आम्ही थोरल्याची टिंगलही केली होती, की ही जागा काय देवाला सोडलीय?

"ती फाइल हाय का हितं?" धाकट्यानं विचारलं.

चाचा कुठलीच जुनी फाइल पुसून टाकत नाहीत. त्यांनी ती पेनड्राइव्हवर घालून दिली. मी माझ्या लॅपटॉपवर उघडली. गणपतीखाली चौकट उमटली, भोवती वेलबुट्टी, आणि आत सगळ्या पत्रिकेत सर्वांत ठळक अक्षरांत: 'विशेष निमंत्रक, आमचा धाकटा' आणि त्यापुढे त्याचं नाव. बाकी भावकी साध्या ओळींत होती, म्हणून ती छापली गेली. ज्याला मान देऊन वेगळं बसवलं, तोच गेला होता.

लेकीच्या पत्रिकेची कच्ची प्रत धाकट्यानं घडी न घालता हातात धरली आणि भाज्याला पोचेपर्यंत तशीच धरून ठेवली. अंगणात आल्यावर तो आपल्या घराकडे वळलाच नाही, सरळ कुंपणाला वळसा घालून थोरल्याच्या दारात उभा राहिला. अक्षता घ्यायचंही त्याला सुचलं नाही. मी मागे धापा टाकत.

"दादा," तो म्हणाला, "मशीननं तुलाबी खाल्लं."

थोरल्यानं चष्मा लावला. कागदावरच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघितलं, मग खाली धाकट्याच्या नावाची ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवलं.

"चौकट नगं आता," तो म्हणाला. "हितं घाल मला, तुझ्या शेजारी. साध्या वळीत."