उदयला आणणारा उमेदवार

आमच्या भागात मतदार यादीत कुणाचं नाव चुकलं, की लोक सुप्रभा आठल्येला गाठायचे. ती कौन्सिलच्या इलेक्शन ऑफिसात होती. ऑक्टोबरात घरोघरी फॉर्म पाठवायचे, ज्यांचे आले नाहीत त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि फेब्रुवारीत छापलेली यादी लायब्ररीत नेऊन ठेवायची, हे तिचं काम. मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे बसून नावावर पट्टीने रेघ मारायची आणि मतपत्रिका हातात द्यायची, तेही तीच करायची. पट्टी तिची स्वतःची होती, घरून न्यायची. इतर लोक हातानेच रेघ मारत. तिला ते आवडत नसे.

सरकारवर तिचा विश्वास होता. हसू नका. इंग्लंडमधल्या रीडिंगहून गाडीने वीस मिनिटांवरच्या या गावात ती जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, आणि शाळेत जे शिकवलं ते तिने खरं मानलं. खरं मानणारी माणसं असतात, आणि त्यांचंच जास्त नुकसान होतं.

तिची आई रेखा माझी मैत्रीण. आमचे दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. रेखा गेली तेव्हा सुप्रभा सतरा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून मी तिची सुहासिनी मावशी झाले. मला राग चटकन येतो आणि सावकाश जातो, हे घरचे सगळे सांगतील. हा जो राग आहे तो अजून गेलेला नाही. त्यात थोडा माझा स्वतःवरचाही आहे, तेही सांगून टाकते, कारण ते पत्र मीच लिहिलं होतं.

सुप्रभा सत्ताविसाची झाली, तेव्हा तिचे वडील, डॉक्टर पोंक्षे, यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी ऑफिसला जाण्याआधी ती त्यांना सोडायची आणि दुपारी आणायची. अशा मुलीचं लग्न जमवायचं, तर मुलानेच इकडे यायला हवं. मी कोल्हापूरला माझ्या नात्यातल्या आठल्यांना लिहिलं. त्यांचा उदय पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता, शांत आणि सरळ मुलगा. माझ्या पत्रात एक ओळ होती: ‘मुलीच्या वडिलांची प्रकृती पाहता, मुलाची इंग्लंडला येऊन राहण्याची तयारी असावी.’ फसवाफसवी नको म्हणून आधीच स्पष्ट लिहिलं. स्पष्ट लिहिण्याची मला फार हौस.

१९८६च्या डिसेंबरात कोल्हापूरला लग्न झालं. पाच आठवडे राहून सुप्रभा परतली आणि उदयने व्हिसाचा अर्ज केला. दोघांनी एकमेकांना पाहिलं ते लग्न ठरताना, पण पाच आठवड्यांनंतर विमानतळावर ती ज्या तऱ्हेने रडली म्हणे, त्यावरून हे लग्न मनापासून लागलंय हे कुणालाही कळलं असतं. व्हिसा ऑफिसातल्या माणसाला सोडून.

तेव्हा इथे एक नियम होता. परदेशातून येणाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायचं, की लग्नामागचा मुख्य हेतू इंग्लंडला येणं हा नव्हता. आता नसलेला हेतू कसा सिद्ध करायचा, ते नियमात नव्हतं. उदय मुंबईला मुलाखतीला गेला तो फाइल घेऊनच. लग्नाचे फोटो, पत्रिका, आणि लग्न रीतसर ठरलं होतं हे दिसावं म्हणून माझं पत्र. साधा माणूस. त्याला वाटलं, याहून मोठा पुरावा कोणता?

अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या समाजात लग्नानंतर मुलगी कुणाच्या घरी जाते?"

उदय म्हणाला, "नवऱ्याच्या."

"मग तुम्ही उलट का करताय?"

त्याने सासऱ्यांच्या डायलिसिसचं सांगितलं. तो माणूस म्हणाला, डायलिसिस भारतातही होतं. मग दुभाष्याने माझं पत्र वाचलं. नकाराच्या कागदावर माझी ओळ इंग्रजीत, अवतरणचिन्हांत छापून आली. त्याखाली निष्कर्ष: समाजाच्या रीतीविरुद्ध मुलगा मुलीकडे जातो आहे, आणि इंग्लंडमध्ये राहणं ही लग्नाची पहिल्यापासूनची अट होती. तो कागद सुप्रभाने मला दाखवला, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती मात्र म्हणाली, "मावशी, तुमचा फॉल्ट नाही. त्यांना काँटेक्स्ट माहीत नव्हता. आपण एक्स्प्लेन करू."

आमच्या शेजारच्या जॅनेटने त्याच वर्षी कॅनडाहून नवरा आणला. त्याला कुणी विचारलं नाही, की तुमच्यात मुलगी कुठे जाते.

जूनमध्ये निवडणूक आली. सत्तेतल्या पक्षाचं निळं फूल छातीला लावून उमेदवार दारात आला. सुप्रभाने त्याला आत बसवून सगळं समजावलं, तारखांसकट. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "लीव्ह इट विथ मी." तिने त्यालाच मत दिलं. तो निवडून आला, आणि त्याने मंत्र्याला खरोखर पत्र लिहिलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तीन महिन्यांनी मंत्र्याचं उत्तर आलं: प्रकरण काळजीपूर्वक पाहिलं, हस्तक्षेपाला वाव नाही, खेद आहे. जाड, सुंदर कागद होता. तिने तो प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवला. अपील पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

मग वर्षं जात राहिली. ती वर्षातून एकदा चार आठवडे कोल्हापूरला जायची, तेवढी रजा मिळायची म्हणून. त्या काळात डॉक्टरांना डायलिसिसला मी न्यायचे. उदय दर आठवड्याला एक एरोग्राम पाठवायचा. व्हिजिटर म्हणून यायचं म्हटलं तर तेही नाकारलं, कारण बायको इथे असलेला माणूस परत कशाला जाईल? लोक तिला म्हणत, तूच का जात नाहीस? मीसुद्धा एकदा म्हणाले. तिने मला विचारलं, "आणि बाबाला सोमवारी कोण नेणार?"

१९९२च्या एप्रिलात परत निवडणूक लागली. त्या वेळी तिने उमेदवार जसे पारखले, तसं लग्नात नवऱ्यामुलालाही कुणी पारखत नसेल. स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन पक्षांची निळं, पिवळं आणि लाल अशी तीन पत्रकं, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर बाबांच्या गोळ्यांची एकेक बाटली. कौन्सिलच्या त्या नोकरीत कुणाचा प्रचार करता येत नसे, पण मतदार म्हणून प्रश्न विचारायला बंदी नव्हती. चर्चच्या हॉलमधल्या सभेत ती उभी राहिली आणि तिघांना एकच प्रश्न विचारला, हा मुख्य हेतूचा नियम तुम्ही काढणार का, इतक्या हळू आवाजात, की मागच्या लोकांनी ‘मोठ्याने’ म्हणून ओरडावं.

घरी येऊन तिने तिघांची उत्तरं आम्हाला वाचून दाखवली.

"निळा म्हणतो, रूल फर्म आहे पण फेअर आहे. पिवळ्याला सगळं माहीत आहे, क्लॉज नंबरसुद्धा. पण तो जिंकणार नाही. लाल बाई म्हणते, आमचा गव्हर्नमेंट आला तर हा रूलच काढणार."

"आमचं गव्हर्नमेंट आलं तर," डॉक्टर म्हणाले. तिचं मराठी सुधारायची त्यांची सवय आजारातही सुटली नव्हती.

"आलं तर. बाबा, तुम्ही कोणाला?"

"जो आहे त्यालाच. मी यांच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं काढली. डायलिसिसचं मशीन फुकट देतायत. सरकार एकदम दुष्ट नसतं गं, मंद असतं."

"अहो, मंद काय?" मी म्हणाले. "पाच वर्षं पोरीला नवऱ्यापासून तोडलंय आणि मंद काय म्हणताय! कोणीही या, सगळे एकाच शाळेतले. त्या लाल बाईला तुझं नाव तरी धड घेता आलं का?"

"सुप्राबा म्हणाली," सुप्रभा म्हणाली. "इट्स फाइन. मावशी, मला नाव नको, मला रूल जायला पाहिजे. तिने सगळ्यांसमोर प्रॉमिस केलाय. पब्लिक प्रॉमिस वेगळं असतं."

त्या पत्रानंतर या विषयात मला फार बोलायचा हक्क उरला नव्हता.

नऊ एप्रिलला मी शाळेच्या हॉलमध्ये गेले. सुप्रभा टेबलामागे होती. तिने माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, नाव आणि पत्ता विचारला, पट्टी ठेवून रेघ मारली. मी लाल बाईला मत दिलं, तिच्यासाठी. तिनेही दिलं. देशभर लाल हरले. आमच्याकडे तर आपटलेच.

आणि मग गंमत पाहा. त्याच उन्हाळ्यात, त्याच निळ्या सरकारने जाहीर केलं, की लग्नाला पाच वर्षं झाली असतील आणि ते लग्न टिकून असेल, तर सहसा मुख्य हेतूचा प्रश्न काढणार नाही. ज्यांना तिने मत दिलं नव्हतं, त्यांनी दार उघडलं होतं. सुप्रभा धावत माझ्या घरी आली. "सी, मावशी? ते ऐकतात. टाइम लागतो, बट ते ऐकतात!" मला इतका आनंद झाला, की पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या पत्राचा विसर पडला. तिने मधली खोली रंगवली. उदयला थंडी सोसत नाही म्हणून जाड रजई आणली. ऑफिसातल्या बायकांनी केक केला. डॉक्टर म्हणाले, "बघा सुहासिनीबाई, मंद असतं म्हणालो होतो ना!" आणि मी चक्क हो म्हणाले.

नोव्हेंबरात उदय पुन्हा मुंबईला गेला. या खेपेला अडीचशेहून जास्त पत्रं, विमानाची तिकिटं, टेलिफोनची बिलं. हेतूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अधिकारी दुसरा होता, तरुण, सभ्य. त्याने फक्त विचारलं, की लग्नाला सहा वर्षं होत आली, त्यात तुम्ही एकत्र किती राहिलात? उदयने बोटांवर मोजून खरं सांगितलं.

नकाराचा कागद डिसेंबरात आला. सुप्रभाने तो उभ्याउभ्याच वाचला आणि माझ्या हातात दिला. लिहिलं होतं: सहा वर्षांत हे जोडपं जेमतेम पंचवीस आठवडे एकत्र राहिलं. पत्नीने पतीकडे राहायला जाण्याचा प्रयत्न केलेला नाही. पती-पत्नी म्हणून कायम एकत्र राहण्याचा दोघांचा इरादा आहे, अशी आमची खात्री पटत नाही.

मी दोनदा वाचलं. पहिल्याने कळलंच नाही. यांनीच त्या दोघांना वेगळं ठेवलं, आणि आता हेच म्हणत होते, की तुम्ही वेगळे राहता. मी ओरडले, शिव्या दिल्या, मराठीत आणि इंग्रजीत. सुप्रभा ओरडली नाही. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि म्हणाली, "त्याने सगळं नीट चेक केलंय, मावशी. आकडे बरोबर आहेत." तेवढंच. आपल्या यादीतली चूक शोधायला बसावं तशी ती त्या कागदाकडे पाहत होती, आणि तिला चूक सापडत नव्हती.

अपील करू या, मी म्हटलं. ती म्हणाली, अजून दोन वर्षं जातील, मी पस्तीसची होईन. आजवर तिने मुलाचा विषय कधी काढला नव्हता. त्या दिवशीही काढला नाही, फक्त वय सांगितलं.

जानेवारीत डॉक्टर गेले, झोपेत. तेराव्याला उदयचा फोन आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं, मीच येते. बापाचं मरण हीच पोरीची सुटका ठरावी, हे मी या देशाला माफ केलेलं नाही. सोळा सोमवार करतात बायका नवऱ्यासाठी. हिने सहा वर्षांचे सगळे सोमवार डायलिसिसला घातले, आणि शेवटी झालं तेच, जे मुंबईतला तो पहिला अधिकारी सुचवत होता: मुलगी नवऱ्याच्या घरी गेली.

मार्चमध्ये ती गेली. घर विकलं जाईपर्यंत किल्ली माझ्याकडे. हीथ्रोवर तिने मला मिठी मारली आणि शेवटचं काय सांगितलं असेल? "मावशी, रजिस्टरवर माझं नाव अजून राहणार. मे महिन्यात काउंटीची इलेक्शन आहे. कोणी आला तर सांगा, की मी गेले. मी व्होट करायचा आळस केला असं नको वाटायला."

मे उजाडायच्या आधीच एका शनिवारी मी त्या घरात भांडी खोक्यांत भरत होते. बेल वाजली. दारात लाल फुलं लावलेली दोन माणसं, आणि त्यातली एक तीच बाई, चर्चच्या हॉलमधली. हातात यादी. सुप्रभानेच केलेली.

"मिसेस आठल्ये आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. "ती भारतात गेली. कायमची. नवऱ्याकडे."

बाईने क्षणभर आठवलं आणि तिचा चेहरा खुलला. "ओह, त्या! नवऱ्याचा व्हिसा! म्हणजे ते एकत्र आहेत शेवटी? हाउ लव्हली! आय ॲम सो ग्लॅड."

तिला खरंच आनंद झाला होता. तिने यादी सोबतच्या माणसाच्या पाठीवर टेकवली, पेन काढलं आणि सुप्रभाच्या नावावर काट मारली, हाताने, वाकडीतिकडी. मग माझ्याकडे वळून हसत विचारलं, "आणि तुमच्या मताचा भरवसा धरायचा ना आम्ही?"