किसनभाऊचं तिकांडं

दोन वर्षांत आम्ही आकाशाचे फोटो काढले शेकड्यानं. त्यातले चारचौघांत दाखवण्यासारखे सात. किस्सा मात्र एकही वाया गेला नाही. आळेफाट्यावर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "राव, ते नळी लग्नात नेल्याचं सांगा की." मग एकातून दुसरा निघतो, चहा गार होतो, आणि आज ढग आहेत की नाहीत हा मूळ विषय तसाच राहून जातो.

आम्ही चौघं. मी आळ्याचा, लग्नाचे फोटो काढणारा. वैशाली मॅडम निरगुडसरला शाळेत विज्ञान शिकवतात. दुर्बीण त्यांची, आणि खूळही मूळचं त्यांचंच. गेनभाऊ निमगाव सावाचा शेतकरी, त्याच्या घराचा स्लॅब ही आमची वेधशाळा. शेतात उभं राहायची सोय नाही, उसात बिबट्या आहे.

चौथा किसनभाऊ. फाट्यावर त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्या डोळ्यांच्या मागचा पडदा खराब होत चाललाय. मोठं आणि उजेडातलं दिसतं, बारीक दिसत नाही, आणि आहे तेही कमी होत जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "चांदणी बघून सहा वर्सं झाली. तिकांडं एकदा दिसलं पायजे. फोटोत मोठं करून दाखवा, मग तुमी म्हणाल ते करून देतो."

मृग नक्षत्रात एका ओळीत तीन चांदण्या असतात, त्याला आमच्याकडे तिकांडं म्हणतात. पहाटे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाताना किसनभाऊ ते बघून किती वाजले ते सांगायचा.

*

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा तर मधे एक कडी लागते. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, तिथं कडी बसवायची, आणि कडीत दुर्बिणीचं टोक फिरवायचं. मॅडमनी माप लिहून आणलं: बेचाळीस मिलिमीटर, आटे पाऊण मिलिमीटरचे.

किसनभाऊ जन्मभर पाण्याच्या मोटारींचे बूश करणारा माणूस. "पाऊण? ह्ये आटे हायेत का केसं?" तरी त्यानं दोन दिवसांत ॲल्युमिनियमची कडी केली. प्रत्येक आटा नखानं तपासला. शनिवारी संध्याकाळी स्लॅबवर आम्ही ती बसवली, अगदी गच्च बसली.

इतकी गच्च, की सुटेना. मॅडमनी ओढलं, गेनभाऊनं फडकं लावून पिळलं, काही नाही. रविवारी सकाळी मला लग्न होतं आणि माझा दुसरा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला.

"गारठ्यात आवळलीय," किसनभाऊ शांतपणे म्हणाला. "ऊन लागलं की सुटंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्बिणीची ती पांढरी नळी कॅमेऱ्यासकट मंगल कार्यालयात नेली आणि अंगणात खुर्चीवर उन्हात ठेवली. आत हळद चालू. नवऱ्या मुलाचे वडील तणतणत बाहेर आले. "अहो, फोटो काढताय की बसून राहताय?"

मी तोंड उघडायच्या आत किसनभाऊ म्हणाला, "पावणं, कॅमेरा चंद्रावरनं सुटला की येतोच."

*

ती कडी थोडी सैल करून घेतल्यावर चंद्राचा फोटो मात्र झकास आला. गेनभाऊच्या टीव्हीला कॅमेरा जोडला, आणि सबंध पडदाभर चंद्र. खळगे, डोंगर, सावल्या. घरात चुलीचा धूर होता, बाहेर कांद्याचा वास, आणि आम्ही जमिनीवर मांडी घालून चंद्राच्या अगदी काठाशी बसल्यासारखे झालो होतो.

किसनभाऊला तो दिसला. मोठा होता, उजेडाचा होता. तो पडद्यापासून वीतभर अंतरावर उभा राहून बघत होता.

पार्वतीवहिनी, म्हणजे गेनभाऊची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा नीट बघितलं. "लांबून बरा दिसायचा," म्हणाल्या.

*

चांदण्यांचं काम वेगळं. तिथं दोन-दोन मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागतो आणि आजूबाजूला अंधार लागतो. गेनभाऊ अंधारात हवं-नको बघायला तयार असायचा.

एकदा सगळं जुळून आलं. अमावास्या, स्वच्छ आभाळ, वारा पडलेला. मी शटर उघडलं आणि मला शंका आली. मी हळूच म्हणालो, "गेनभाऊ, फोकस बघ रे जरा."

तो जिना उतरून गेला, खट्ट आवाज झाला आणि स्लॅब, गोठा, विहीर, शेजारच्यांचा ऊस, सगळं दिवसासारखं लख्ख. आमच्याकडे फोकस म्हणजे बिबट्यासाठी लावलेला मोठा हॅलोजन!

"बघितला," खालून गेनभाऊ म्हणाला. "चालू हाय."

*

तेव्हापासून गेनभाऊला अंधाराची गोडी लागली. पूर्वी लाईट गेली की तो सरकारच्या नावानं बोटं मोडायचा. आता गावाची लाईट गेली की पहिला तोच स्लॅबवर चढतो. डोक्यावर एवढं चांदणं असतं की उभा माणूस नुसत्या आकारानं ओळखू येतो. खरं सांगतो, तसल्या वेळी मला लग्नाच्या सगळ्या ऑर्डरी सोडून द्याव्याशा वाटतात.

पार्वतीवहिनी म्हणतात, "लाईट गेली की सारा गाव वायरमनला फोन करतो. आमचं येडं मॅडमला करतं."

*

पृथ्वी फिरते, त्यामुळं दोन मिनिटांत चांदण्यांच्या रेघा होतात. त्यावर मॅडमनी साधा उपाय काढला. दोन फळ्या, मधे बिजागरी. वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीचं टोक ध्रुवाकडे करायचं आणि खालचा बोल्ट मिनिटाला एक फेरा असा हातानं फिरवत राहायचं, म्हणजे कॅमेरा चांदण्यांबरोबर सरकतो.

मी फिरवला की रेघा. मॅडमनी फिरवला की रेघा. गेनभाऊनं फिरवला तेव्हा त्याला शिंक आली.

मग किसनभाऊनं हात घातला. त्यानं डोळे मिटले आणि बोल्टवर दोन बोटं ठेवली. दोन मिनिटांनी बघितलं, तर चांदण्या टाचणीच्या टोकाएवढ्या, जागच्या जागी.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे जमलं कसं?"

"त्यात काय व्हतं? तीस वर्सं फिरत्या लेथवर काम करतोय. मशीन एवढं हळू फिरताना पयल्यांदा बघितलं, एवढंच."

*

पौषात तिकांडं संध्याकाळीच वर येतं. आठ वाजता आम्ही फळी लावली, किसनभाऊनं बोल्ट फिरवला, आणि दोन वर्षांतला सगळ्यात देखणा फोटो आला. एकही रेघ नाही. आम्ही धावतच खाली आलो आणि तो टीव्हीवर लावला.

किसनभाऊ पुढं झाला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग पडद्याच्या एका रिकाम्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "लई भारी आलंय, राव."

तिथं काहीच नव्हतं. मॅडमनी मान खाली घातली. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. बारीक ते बारीकच राहिलं. मी कॅमेरा उचलला आणि एकटाच वर आलो.

वर तो परत फळीवर चढवला. मग लेन्सचं फोकसचं कडं धरलं आणि उलटं फिरवलं. दोन वर्षं ज्या टाचणीच्या टोकासाठी मी आटापिटा केला, ते टोक फुगू दिलं. चांदण्या बोरांएवढ्या झाल्या, मग लिंबांएवढ्या.

"किसनभाऊ," मी हाक मारली, "वर ये. आणखी एक काढायचाय."

तो कठड्याला धरून आला आणि काही न विचारता बोल्टवर बोटं ठेवून बसला. दोन मिनिटं झाली.

खाली टीव्हीवर फोटो लागला तसा गेनभाऊ म्हणाला, "अरं, ह्ये तर बिघाडलं." मॅडमनी त्याचा हात दाबला.

पडद्यावर मोठमोठे गोल होते, आणि पसरल्यामुळं त्यांचे रंगही उघडे पडले होते. किसनभाऊ वीतभर अंतरावर गेला. वरच्या गोलावर बोट ठेवलं. "ह्यो तांबडा." बोट खाली आलं. "ह्यो निळा." मग बोट मधे सरकलं, आणि हळूहळू, एकापुढं एक, तीन ठिकाणी टेकलं.

बोट त्यानं तिथंच ठेवलं. मग दुसऱ्या हातानं त्यानं खिशातून फोन काढला आणि बटन दाबून धरलं. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"तू जेवून घे," तो म्हणाला. "मला येळ लागंल."