काशीत रोज अकराला फोन

१९९८ साली पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत मला काशीसाठी आठवड्याची रजा मिळाली, ती एका अटीवर. आमचे सर म्हणाले, "तिथून रोज सकाळी अकराला फोन करायचा. एक जरी चुकला, तर परत येऊ नका." सन दोन हजार उजाडल्यावर कॉम्प्युटरनं वर्ष चुकवू नये म्हणून आम्ही जुने प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो. दहा मिनिटं उशीर झाला तरी अर्धी रजा लागायची, तेव्हा सर गंमत करत नव्हते.

मनमाडला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी बनारस. जाणार असाल तर सामान कमी न्या. सायकलरिक्षा मैदागिन चौकात सोडते, पुढे दूधविनायक मोहल्ल्यात माझ्या आत्याच्या घरापर्यंत गल्ल्यांतून पायीच. माझ्याकडे कपड्यांपेक्षा तपासायला दिलेल्या प्रोग्रॅमच्या छापील कागदांचा गठ्ठा जड होता. दारात आत्यानं तो उचलून पाहिला. "पोथी आणलीस का गं?"

पहिल्या सकाळी कचोरी-जलेबी खाऊन मी वेळेवर एसटीडी बूथ गाठला.

"कुठे आहात?" सरांनी विचारलं.

"काशीत, सर."

"ते माहीत आहे. कितव्या पानावर आहात?"

दुसऱ्या दिवशी आत्यानं पंचगंगा घाटावरून नावेत बसवलं, राजा घाट दाखवायला. मी मांडीवर कागद घेऊन सारखी घड्याळ बघत होते. नावाडी म्हणाला, "धार के उलटे जा रहे हैं, बिटिया. टाइम तो लगेगा." उतरून घाटाच्या पायऱ्या धावत चढले, बूथ शोधला, तोवर पावणेबारा झाले होते. सर थंडपणे म्हणाले, "उद्याच निघा."

माझे डोळे भरले. आत्यानं रिसीव्हर काढून घेतला.

"मी तिची आत्या. पोरगी गंगेवर पण तुमचेच कागद वाचते, तिला उगीच परेशान का करता? तुम्ही स्वतः कधी आलात काशीला?"

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "या. आमच्याकडेच उतरा." आणि फोन ठेवला.

"त्याच्या वडिलांच्या अस्थी काशीसाठी राखून ठेवल्यात," तिनं सांगितलं. "दोन वर्षं झाली. म्हणतो, रजाच मागितली नाही. तू ठरल्या दिवशीच जा."

उरलेले दिवस मी फोन करत राहिले. सर "ठीक आहे" एवढंच म्हणत.

मी पुण्यात परतले. महिन्याभरानं सरांची खुर्ची आठवडाभर रिकामी होती. परत आले ते डोक्याचा गोटा करून, गळ्यात नेहमीचा टाय घट्ट आवळून. कुणी हसलं नाही. त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक पेढा ठेवला आणि म्हणाले, "खाऊन घ्या. काम पाच मिनिटांनी सुरू करू."

त्या कंपनीत मी आणखी चार वर्षं काढली. तशी पाच मिनिटं पुन्हा मिळाली नाहीत.