रेघमावशीच्या तिरक्या रेघा

बोंग-यो जन्मली तेव्हा घरात आधीच तीन मुली होत्या. बापाने कंटाळून जे नाव ठेवलं त्याचा अर्थ होतो, 'आलीच आहे तर वाढवूया'. आमच्या तैवानच्या दक्षिणेत त्या पिढीच्या अशा नावाच्या बायका गल्लोगल्ली सापडतात. बहुतेकजणी नाव लपवतात. ही मात्र अर्थासकट सांगायची आणि वर म्हणायची, "वाढले की नाही मग? दाराच्या चौकटीला डोकं लागतं माझं!"

तिला सगळं गाव रेघमावशी म्हणायचं, कारण गावातल्या रस्त्यांवरच्या पांढऱ्या रेघा तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या हातच्या. नवरा आ-होक. त्याच्याकडे एक जुना ट्रक होता, ट्रकवर मोठी कढई. तिच्यात रंगाची पूड वितळवायची, ती हातगाड्यात ओतायची आणि गाडा आखलेल्या दोरीवरून ढकलत न्यायचा. रंग ओला असतानाच आ-होकची बहीण मागून काचेचा बारीक चुरा भुरभुरवत यायची, म्हणजे अंधारात गाडीच्या दिव्याने रेघ चमकते. बोंग-योचं काम आखणीचं. खडू, दोरी आणि आ-होकने करून दिलेली एक लाकडी फळी.

माझं पेजेचं दुकान बाजाररस्त्यावर, समुद्रदेवी माझूमातेच्या देवळापासून थोडं पुढे आहे. ती तिघं कामावर निघायच्या आधी माझ्याकडे माशाची पेज खायची, म्हणून माझी त्यांची ओळख.

आ-होकला अर्धांगाचा झटका आला तो ऐन उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड झालं. सगळ्यांना वाटलं, आता ट्रक विकणार. डुकराच्या मटणाचा दुकानदार आ-सान तर तोंडावर म्हणाला, "वहिनी, उकळत्या कढईचं काम ते. बाईमाणसाला झेपायचं नाही."

"तुझ्या बायकोने इतकी वर्षं तुझं तोंड सांभाळलंय," ती म्हणाली. "त्यापुढे माझी कढई गारच म्हणायची."

आणि ती गाडा ढकलू लागली. आखणी आधीपासून तिचीच होती, आता रंगही तिचा. आ-होकला ती घरी ठेवत नसे. रस्त्याच्या कडेला छत्री रोवायची, तिच्याखाली प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर तो. तोंडात सुपारी धरून बसायचा. पूर्वी हा माणूस काम करताना गाणी म्हणायचा, सगळ्यांच्या नकला करायचा. झटक्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. रेघ वाकडी गेली तरी तो बोलायचा नाही, नुसता बघायचा. तिला त्याचंच वाईट वाटायचं. एकदा मला म्हणाली, "लियन, तो शिव्या घालायचा ना, तेच बरं होतं गं."

पुढच्या वर्षी आमचा बाजाररस्ता एकेरी झाला. गाड्यांनी देवळाकडून शिरायचं आणि कालव्याकडे बाहेर पडायचं. रस्ता नव्याने डांबरी केला, आणि दोन्ही कडांना गाड्या लावायच्या जागा पूर्वीसारख्याच तिरक्या आखायचं काम रेघमावशीला मिळालं.

तिची ती फळी एका टोकाला तिरकी कापलेली होती. सरळ कड पदपथाच्या दगडाला भिडवायची, तिरक्या कडेने खडू ओढायचा, फळी पुढे सरकवायची, पुन्हा ओढायचा. मोजमाप नाही, काही नाही. सगळ्या रेघा एकमेकींशी समांतर. धरायला सोपं पडावं म्हणून आ-होकने फळीच्या वरच्या अंगाला एक मूठ ठोकून दिली होती, वापरून वापरून काळी गुळगुळीत झालेली.

बाजाराच्या सुटीच्या दिवशी तिने काम उरकलं. आधी उजवी बाजू, मग रस्ता ओलांडून डावी. संध्याकाळी ओल्या रंगाचा वास अख्ख्या रस्त्याला येत होता आणि रेघा इतक्या देखण्या दिसत होत्या की देवळाचे पुजारीसुद्धा बाहेर येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीचे ट्रक आले. उजव्या बाजूचे झोकात आत शिरले. डाव्या बाजूला पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली, पुढे घेतला, मागे घेतला, पुन्हा पुढे. जागा त्याच्याकडे पाठ फिरवून बसल्यासारखी. आत शिरायचं तर जवळजवळ उलटं वळायला हवं. मागे रांग लागली. भोंगे सुरू झाले. एका कोबीवाल्याने तर मध्येच ट्रक सोडला आणि माझ्याकडे येऊन पेज मागवली.

आ-सान सुरी हातात घेऊन दुकानाबाहेर आला. "अगं बाई! रेघमावशीने अर्धा रस्ता जाणाऱ्यांसाठी आखलाय आणि अर्धा येणाऱ्यांसाठी! येणारे कुठून येणार, कालव्यातून पोहत?"

बोंग-यो आ-होकला घेऊन पेजेला आली होती, ती दारातच उभी राहिली. एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. कानापर्यंत लाल झाली. आणि तिच्या मागून एक आवाज आला, खोकल्यासारखा. आम्ही घाबरून वळलो. आ-होक हसत होता. खांदे हलत होते, सुपारीची लाल लाळ हनुवटीवर, डोळ्यांत पाणी.

"हसतोस काय रे मेल्या?" ती ओरडली.

"येणारे," तो जड जिभेने म्हणाला, "पोहत येणार..." आणि पुन्हा हसायला लागला.

ती चिडून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. समोर तान गुरुजी होते. शाळेत गणित शिकवायचे आणि रोज सकाळी पेपर घेऊन माझ्याकडेच असायचे.

"गुरुजी, फळी तीच. हात तोच. डाव्या बाजूला मी ती नीट फिरवून धरली होती. मग चूक झाली कुठे?"

गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला. दोन चॉपस्टिक टेबलावर समोरासमोर ठेवल्या, मध्ये अंतर सोडून. "या रस्त्याच्या दोन कडा. समांतर." तिसरी त्या दोन्हींवर तिरकी आडवी टाकली. "ही तुझी रेघ. दोघींना छेदून गेली, म्हणून हिला छेदिका म्हणतात. आता हा इकडच्या कडेचा आतला कोन बघ, आणि तिरक्या काडीच्या पलीकडच्या अंगाला, तिकडच्या कडेचा हा."

तिने वाकून पाहिलं. "सारखेच दिसतात."

"सारखेच असतात. कडा समांतर असल्या की असणारच. यांना व्युत्क्रम कोन म्हणतात. तू फळी फिरवून पलीकडे नेलीस, म्हणजे हाच कोन तिकडे नेलास. म्हणून उजवीकडची कुठलीही रेघ सरळ वाढवली की ती डावीकडच्या रेघांच्याच दिशेने जाते. रस्ता दुहेरी होता तेव्हा हेच बरोबर होतं, तिकडून येणाऱ्यालाही तसंच तिरकं हवं होतं."

"आणि एका कडेवरच्या सगळ्या रेघा?"

"तिथे तुझ्या रेघा समांतर आणि कडा त्यांना छेदणारी. दर रेघेपाशी तोच कोन, त्याच जागी. ते संगत कोन. त्यात तू कधीच चुकली नाहीस."

"आता डावीकडे काय हवं?"

"याच्या शेजारचा. दोघं मिळून सरळ रेघ होते ना, त्यातला उरलेला. रेघा आरशात पाहिल्यासारख्या पडल्या पाहिजेत."

तिने तिरकी काडी दुसऱ्या बाजूला कलती करून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे फळी फिरवून नाही भागत. पालथी घालायला हवी." पण पालथी घालायची तर मूठ आड येत होती. ती उपटावी लागणार होती.

त्या दुपारी तिने फळी माझ्या दुकानात आणली. हातोडी आ-होकच्या मांडीवर ठेवली. "ठोकलीस तू. काढायची तर तूच काढ. मी हात लावणार नाही."

"एका हाताने?"

"मी फळी धरते."

त्याने डाव्या हाताने खिळे उचकटायला सुरुवात केली. हातोडी घसरायची, तो शिवी हासडायचा. "सरळ धर! कशी धरतेस, म्हशीचं शेपूट धरल्यासारखी!" ती खाली मान घालून फळी धरून बसली होती. मला वाटलं चिडली. जवळ जाऊन पाहिलं तर ओठ दाबून हसत होती आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. मूठ निघाली तेव्हा दोघंही घामाने भिजलेली. मी गार चहा दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

पण डाव्या बाजूच्या रेघा खरवडायला ती यंत्र घेऊन आली तेव्हा वेगळंच झालं. भाजीवाले आणि मासळीवाले आडवे आले. मधल्या दिवसांत त्यांनी एक युक्ती काढली होती. जागेच्या पुढे जायचं आणि ट्रक मागे मागे आत घ्यायचा. मग ट्रकचं मागचं फळकं थेट पदपथावर उघडतं, माल दुकानात उतरतो, कुणाला रस्त्यात उतरावं लागत नाही. निघताना तोंड रस्त्याकडे, समोरचं सगळं दिसतं.

"मावशी, हात लावू नका," कोबीवाला म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी कंबर दुखली नाही."

"चूक आहे ती!"

"असू दे की. छान चूक आहे."

"तुला छान. माझ्या नावावर आहे ती!"

खूप वाद झाला. पंचायत ऑफिसातला साय नावाचा पोरगा आला, दोन्हीकडचं ऐकून डोकं खाजवत उभा राहिला. शेवटी छत्रीखालून आ-होकच बोलला. "देवळापुढे म्हातारी माणसं गाड्या लावतात. त्यांना मागे घेणं जमत नाही. तेवढं बदल. खाली कालव्याकडे ट्रक येतात, तिथलं राहू दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कामाबद्दल त्याने असं काही सांगून वर्ष होऊन गेलं होतं. साय म्हणाला, तसं चालेल, वर मी कळवतो. ती यंत्राकडे वळली. देवळापासून माझ्या दुकानापर्यंतचं तिने खरवडलं आणि फळी पालथी घालून नव्याने आखलं. तिथून कालव्यापर्यंत जुनंच राहिलं, आजही आहे. आणि कसा कोण जाणे, माझ्या समोरच असलेल्या आ-सानच्या दुकानापुढे नवं आणि जुनं जिथे भेटतं तिथे एक तिकोनी तुकडा उरला. त्यात कुठलीच गाडी मावत नाही. आ-सान म्हणतो, तिने सूड घेतला. ती म्हणते, गणित आहे, गुरुजींना विचार.

त्यानंतर आ-होक कामावर रोज आरडाओरडा करायचा. रेघ जाड झाली, चुरा कमी पडला, दोरी ढिली आहे. ती उलट उत्तरं द्यायची. त्यांची भांडणं ऐकायला लोक स्कूटर थांबवत. तो आणखी सात-आठ वर्षं जगला, आणि झोपेतच गेला. तिने ट्रक मग थोडीच वर्षं चालवला, आणि मन उठल्यावर एका दूरच्या भाच्याला देऊन टाकला.

आता ती आणि तिची नणंद कालव्याच्या कडेच्या तुकड्यात वांगी लावतात. परवा टोपलीभर घेऊन आली होती. पेजेत मीठ जास्त झालंय म्हणाली, तरी दुसरा वाडगा घेतला, आणि आ-सानशी वांग्यांवरून भांडायला उठून गेली.