पंधरा दिवस रिकामा पट्टा

"आधी चपला दाखवा."

कुत्रं पाळायचं म्हणून सल्ला विचारायला आलेल्या कुठल्याही माणसाला काका पहिल्यांदा एवढंच म्हणायचे. माणूस गोंधळून पायातली चप्पल काढून द्यायचा. काका चष्मा कपाळावर सरकवून ती उलटी करायचे आणि एक्स-रे बघावा तसा तळ बघायचे. मग निकाल. "टाच झिजलीच नाही साहेब. तुम्ही चालत नाही. मासे पाळा."

अशा माणसावर कुणी रागावेल असं तुम्हाला वाटेल. पण हैदराबादेतल्या आमच्या तारनाक्याच्या गल्लीत कुणी रागवत नसे. काका जनावरांच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर घराच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि माणसं तपासायचे. गल्लीतली बहुतेक कुत्री त्यांच्या पसंतीनं आलेली होती. कोपऱ्यावरच्या एका इंजिनियरसाहेबांना त्यांनी तीनदा नापास केलं होतं. ते अजून माशांवरच भागवतात.

आमच्या घरी कुत्र्याचा विषय काढला मुक्तानं. ती तेव्हा सहावीत होती. एकुलती एक लेक, त्यात समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण बेंगळुरूला गेलेली. नवरा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्यानं लगेच तक्ता केला. नऊ जातींची कुत्री, त्यापुढे केस किती गळतात, भुंकतं किती, हुशारी किती, असे रकाने. शेवटी बेरीज. पहिला नंबर हस्कीचा.

मी देगलूरकडची शेतकऱ्याची पोरगी. आमचं कुत्रं शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, राहायचं. भाकरीचा तुकडा टाकला की आपलं काम संपलं. कुत्र्याला गादी घेतात हे मला हैदराबादेत येऊन कळलं. आणि स्पष्टच सांगते, मला भीती कुत्र्याची नव्हती, कामाची होती. हौस करणार दोघं आणि राबणार मी, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी एक अट घातली, "आणायचंच तर कागदपत्रवालं आणा, जातिवंत. ऐऱ्यागैऱ्याला घरात घेणार नाही." मला वाटलं, कागदपत्रांतच महिना जाईल आणि विषय मिटेल.

विषय मिटेना. तेव्हा मी गुपचूप काकांकडे गेले.

"काका, आम्हाला नापास करा."

काकांनी माझ्याकडे न बघता माझी चप्पल मागितली. उलटी केली. "बाई, तुमची टाच तर पार गेली. बसनं जाता का चालत?"

"ऑफिस ते बसस्टॉप चालत. पण काका, ऐका ना..."

"हौ हौ, ऐकलं. नापास व्हायचं म्हटलं तरी परीक्षेला बसावंच लागतं. उद्या सगळे या."

दुसऱ्या दिवशी आमची तिघांची वरात फाटकाशी. नवऱ्यानं तक्ता पुढे केला. काकांनी तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"हस्की? जावईबापू, मे महिन्यात त्याला काय फ्रिजमध्ये बसवायलाव?"

"एसी आहे ना काका."

"एसी त्याला, मग तुम्ही कुठं झोपणार?"

मुक्ता खो खो हसली. काका आत गेले आणि एक जुना चामडी पट्टा घेऊन आले. त्याला लांब दोरी होती. तो त्यांनी मुक्ताच्या हातात दिला. "हे घ्या तुमचं कुत्रं."

"कुठंय?" मुक्ता म्हणाली.

"ह्या पट्ट्यात आहे असं समजायचं. पंधरा दिवस. सकाळी साडेपाचला फिरवायचं, संध्याकाळी फिरवायचं. प्रत्येक खांबाशी थांबायचं, दहा मोजायचे. कुत्रं थांबतं, आपण का पळावं? आणि एकदा खाली वाकायचं, कागदात काहीतरी उचलायचं, पाला तर पाला. लाज वाटली की समजायचं, अजून वेळ आलेली नाही. मी हितंच बसलेला आहे. मला फसवायचं नक्को."

आता तुम्ही डोळ्यांपुढे आणा. पहाटेचा तारनाका, कॉलेजची पोरं चहाच्या टपरीवर, आणि एक पुणेकर सॉफ्टवेअर इंजिनियर रिकामी दोरी धरून विजेच्या खांबाशी उभा, तोंडानं एक, दोन, तीन मोजतोय. पुढे चार पावलांवर तो वाकतो आणि वर्तमानपत्रात वाळकं पान गुंडाळतो. त्याचा बॉस नेमका त्याच वेळी जॉगिंगला. "एव्हरीथिंग ओके?" बॉसनं विचारलं. नवरा म्हणाला, "कुत्रं फिरवतोय सर." बॉसनं त्याला दोन दिवस घरून काम करायची परवानगी दिली.

नवरा चौथ्या दिवशी गळाला. म्हणाला, मीटिंगा वाढल्यात. मुक्ता आठव्या दिवशी गळाली, युनिट टेस्ट आली होती. गादीवर पडल्या पडल्या रडत म्हणाली, "आई, मग आता आपल्याला कुत्रं मिळणारच नाही?"

खरं तर माझं काम आपसूक झालं होतं. मी गप्प बसले असते तर आम्ही नापास. पण इथं माझी खोड आडवी आली. आमच्या अख्ख्या खानदानात मी पहिली बी.कॉम. गावातनं रोज एसटीनं जाऊन शिकले. आजवर एकाही परीक्षेत मी नापास झालेली नाही, आणि एका रिकाम्या पट्ट्यापुढे होणार? पदर खोचला आणि निघाले.

इस्त्रीवाल्या अम्मानं पहिल्या दिवशी विचारलं, "कुक्का एक्कडा, अम्मा?" कुत्रं कुठाय? मी दोरीकडे बोट दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवसापासून मात्र मी दिसले की ती इस्त्री बाजूला ठेवून दोरीला वाट करून द्यायची. एक खरं कुत्रं माझ्या पट्ट्यावर भुंकून भुंकून दमलं.

तेराव्या दिवशी एक बाई समोरून आल्या. हाताला धरलेली छोटी मुलगी. दोरी बघून त्यांनी पोरीला पटकन कडेला घेतलं. "काटती क्या?"

"नहीं जी, सीधी है," मी म्हणाले.

म्हणाले आणि जागीच थांबले. जवळ खांब नव्हता तरी थांबले. पट्टा रिकामा होता, आणि मी तिची बाजू घेतली होती. फाटकाशी काका पोट धरून हसत होते.

सोळाव्या दिवशी ते आमच्या घरी आले. चहा झाला. मुक्ता सोफ्याच्या टोकाला श्वास रोखून बसलेली.

"जावई नापास. पोरगी काठावर. बाई पास," काका म्हणाले. "कुतरी आणा. बाईंनीच ठरवलंय, सीधी है."

"पण कागदपत्रवाली," मी म्हणाले. माझी अट मी सोडली नव्हती. "आई-बाप, जात, सगळं लिहिलेलं असतं ना, तशी."

काका उठले. हॉलमध्ये माझी डिग्री फ्रेम करून लावली आहे, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी माझं नाव सावकाश वाचलं.

"झकास. तुमच्या वडलांची कुठाय?"

"वडील अंगठा लावायचे, काका."

"मग हिला कोणता कागद मागायलाव बाई?"

मी भांडखोर बाई आहे, पण उठून काकांचा कप पुन्हा भरला. नवऱ्यानं तक्त्याची घडी केली आणि कपाखाली ठेवली.

इडली-उपम्याच्या टिफिन सेंटरच्या मागे जन्मलेली, तांबूस, एक कान उभा आणि एक पडका अशी ती त्याच संध्याकाळी घरी आली. मुक्तानं तिचं नाव उपमा ठेवलं. पहिल्याच आठवड्यात उपमानं नवऱ्याचा हेडफोन, माझा पोळपाट आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा एक बूट खाल्ला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बूट कोणत्या पायाचा?" जसं काही निदानच करायचं होतं.

एकदा मी विचारलं, "काका, तुमच्याकडे का नाही कुत्रं?"

"रिटायर झालो त्याच महिन्यात मी पण पट्टा फिरवला. नवव्या दिवशी गुडघे बसले." खुर्चीत नीट बसत ते म्हणाले, "नापास. मग, दुसऱ्याला एक नियम आणि मला एक, असं चालतं का?"

म्हणून ते फाटकाशी बसायचे, हे मला तेव्हा कळलं. सकाळ-संध्याकाळ गल्लीतली सगळी कुत्री तिथनं जायची आणि ते नुसता हात पुढे धरायचे. ज्याला वाटेल ते येऊन हुंगून जायचं. उपमा तर हात सोडून सरळ मांडीवर चढायची, गुडघ्यांचा काही विचार न करता. ते "हाय हाय" करायचे, पण तिला उतरवायचे नाहीत.

गुडघे पुढे फारच बिघडले, तेव्हा त्यांची मुलगी त्यांना निजामाबादला घेऊन गेली. तिथून दर रविवारी सकाळी फोन यायचा. "बऱ्या हाव ना बाई? द्या तिला." माझ्याशी एवढंच. मी स्पीकर लावून फोन उपमासमोर जमिनीवर ठेवायचे. काका तिच्याशी पाच-दहा मिनिटं बोलायचे. पाऊस किती झाला, नातवानं काय खोड्या केल्या, दुपारी जेवायला काय आहे. उपमा मान वाकडी करून ऐकायची. नवरा म्हणायचा, "माझ्याशी इतकं कुणी बोलत नाही."

श्रावणातल्या एका रविवारी फोन वाजला. नंबर त्यांचाच. माझे हात पिठात होते, फोन हॉलमधल्या बुटक्या तिपाईवर. मी कोपरानं बटण दाबलं, स्पीकर लावला आणि हाक मारली, "उपमा, तुझा फोन." ती धावत आली आणि फोनसमोर बसली.

आवाज काकांच्या मुलीचा होता. "पहाटे बाबा गेले हो," ती म्हणाली. कोण ऐकतंय हे तिला माहीत नव्हतं. मग तिला रडू फुटलं.

उपमानं पडका कान उभा केला आणि फोनच्या आणखी जवळ सरकली. मी पिठाचे हात तसेच धरून दारात उभी राहिले. पलीकडची लेक रडता रडता बोलत राहिली, कसं झालं, काय झालं, चहा अर्धा राहिला ते. तिचं सगळं बोलून होईपर्यंत मी फोन उचलला नाही.